साप-तक्ता उत्तम, पण चापड्याच्या चौकटीत भलताच पाहुणा

पावसाळा तोंडावर आला की खान्देशातल्या शालेय साहित्याच्या दुकानांत एक लॅमिनेटेड तक्ता हमखास लटकलेला दिसतो: 'महाराष्ट्रातील विषारी व बिनविषारी साप'. २३ बाय ३६ इंच, वर-खाली पत्र्याची पट्टी, टांगायला दोरी, किंमत दोनशेच्या आत. आश्रमशाळा, ग्रामपंचायती आणि आरोग्य उपकेंद्रं हाच घेतात. छापणाऱ्याचं नाव इथे देत नाही, कारण जवळपास हाच माल वेगवेगळ्या नावांनी फिरतो. मागवताना खाली सांगितलेल्या खुणा पडताळल्या की आपल्या हातात कोणता आलाय ते कळेल.

निकाल आधीच सांगतो. तक्ता घ्यावा. मात्र सोबत काळा पर्मनंट मार्कर, पांढरा चिकटकागद आणि एक चांगला रंगीत प्रिंट लागेल, कारण आहे तसा भिंतीवर लावला तर काही ठिकाणी तो नुकसान करेल.

जमेची बाजू मोठी आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांना वरची अर्धी जागा दिली आहे. खान्देशात जीव जातो तो मुख्यतः या चौघांमुळेच, त्यामुळे जागेची ही वाटणी योग्य आहे. घोणसाच्या पाठीवरच्या साखळीसारख्या तीन रांगा स्पष्ट दिसतात. फुरशाच्या डोक्यावरची बाणासारखी खूण वेगळ्या गोलात मोठी करून दाखवली आहे. सगळ्यात छान जमलंय ते मण्यार आणि तिच्यासारखा दिसणारा बिनविषारी कवड्या शेजारी-शेजारी ठेवणं. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेजवळ पुसट किंवा नसतातच आणि शेपटीकडे ठळक, बहुधा जोडीजोडीने येतात. कवड्याचं उलटं: मानेकडे ठळक, शेपटीकडे विरत जाणारे. चित्रात हा फरक हात लावून दाखवता येतो. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरची षटकोनी खवल्यांची रांगही काढली आहे. एवढ्या एका जोडीसाठीसुद्धा पैसे वसूल.

आता खालच्या रांगेत, उजवीकडून दुसरी चौकट. शीर्षक 'चापडा (हिरवा घोणस)'. आत एक देखणा हिरवागार साप फांदीवर वेटोळं घालून बसलाय. ओठ पिवळसर पांढरे, शेपटीच्या वरच्या अंगावर विटकरी तांबूस पट्टा. साप छान आहे, पण आपला नाही. हा पांढऱ्या ओठांचा हिरवा चापडा. तो आग्नेय आशियात राहतो, आपल्या देशात फार तर ईशान्येकडे. इंटरनेटवर 'ग्रीन पिट व्हायपर' शोधलं की पहिल्यांदा हाच पुढे येतो, बहुधा तिथूनच तो तक्त्यावर उतरला असावा. नशीब, इंडोनेशियातला निळा चापडा नाही छापला. मोबाइलवर 'सातपुड्यात सापडला निळा साप' म्हणून जो फिरतो, तो बहुतेक वेळा तिकडचाच असतो.

आपला चापडा म्हणजे बांबू पिट व्हायपर, शास्त्रीय नाव क्रॅस्पेडोसेफॅलस ग्रॅमिनियस. तक्त्यावर जुनं ट्रायमेरेसुरस ग्रॅमिनियस हे नाव आहे. ते चूक म्हणता येणार नाही, २०२१ पर्यंत सगळीकडे तेच होतं आणि आजही बरीच पुस्तकं तेच छापतात. या सापाचं वर्णन दोनशे वर्षांहून जुनं. विशाखापट्टणमकडच्या नमुन्यावरून सर्प-अभ्यासक पॅट्रिक रसेल यांनी १७९६ मध्ये त्याचं चित्र 'बोड्रू पाम' या स्थानिक नावाने छापलं आणि प्राणिशास्त्रज्ञ शॉ यांनी १८०२ मध्ये शास्त्रीय नाव दिलं. घोणसाला इंग्रजीत ज्यांचं नाव मिळालं, तेच हे रसेल. हा साप जगात फक्त द्वीपकल्पीय भारतात आढळतो. म्हणूनच त्याच्या चौकटीत परदेशातला भाऊबंद बसवणं जास्त खटकतं.

दोघांत फरक कसा ओळखायचा? लांबून पाहताना शेपटी आणि ओठ बघा. जवळच्या फोटोत मात्र एकच पक्की खूण: नाकपुडीचं खवलं आणि वरच्या ओठाचं पहिलं खवलं यांच्यामध्ये शिवण पूर्ण आहे का? आपल्या चापड्यात ती पूर्ण असते, दोन खवली वेगळी. पांढऱ्या ओठांच्या भावात ही दोन्ही अर्धवट किंवा पूर्ण एकमेकांत मिसळलेली असतात. तक्त्यावरचं डोकं चिंचोक्याएवढं छापलंय, त्यात ही शिवण दिसणं अशक्य.

आणि तक्त्याचा खरा तोटा याच चिंचोक्यात आहे. चापडा ज्या अवयवावरून ओळखायचा, तो खळगाच चित्रात नाही. डोळा आणि नाकपुडी यांना जोडणारी सरळ रेष मनात ओढा. तिच्या किंचित खाली, दोहोंच्या मध्ये एक खोलगट भोक दिसतं. नाकपुडीपेक्षा ते मोठं असतं, म्हणून पहिल्यांदा बघणाऱ्याला चार नाकपुड्या असल्यासारखं वाटतं. हा उष्णता टिपणारा अवयव. आत एक अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो आणि त्याच्यामागे हवेची पोकळी. पातळ पडदा लगेच तापतो आणि लगेच निवतो, मागची हवा उष्णता शरीरात जाऊ देत नाही. त्यामुळे अंधारात दोन-तीन हातांवरचा उंदीर त्याला उबेवरून दिसतो. पानांत घातलेला आपला हातही तसाच. बॅटरी न लावता फांदी बाजूला करणाऱ्याला हा साप चावतो तो म्हणूनच. घोणस आणि फुरशाला हा खळगा नसतो. नाग, मण्यार, हरणटोळ कोणालाच नाही. खान्देशात ज्या सापाच्या डोळ्या-नाकपुडीमध्ये खळगा दिसेल तो चापडाच.

बाकीच्या खुणा या खळग्याच्या मागून येतात. मान बारीक, डोकं रुंद आणि लांबट त्रिकोणी. डोक्याच्या माथ्यावर बारीक खवली, नाग-धामणीसारखी मोठी ढालीसारखी नाहीत. बाहुली उभी, मांजरासारखी. पाठीचा रंग हिरवा, पण कधी पिवळट झाक, कधी अस्पष्ट गडद डाग. पोट फिकट हिरवं-पिवळं. कडेने पांढरी किंवा पिवळी रेघ असते, कुणात ठळक, कुणात पुसट. पाठीवर मध्यभागी खवल्यांच्या बहुधा २१ रांगा. ही खूण अर्थात मेलेल्या किंवा पकडलेल्या सापावर मोजायची, झाडाखाली उभं राहून नाही. शेपटी फांदीला विळखा घालणारी. लांबी साधारण दोन-अडीच फूट, क्वचित जास्त. तक्त्यावर 'लांबी ४ फूट' असं ठोकून दिलंय. ते वरच्या टोकाजवळचं आहे, नेहमीचं नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बरणीवरून ताळा करायला जाऊ नका. हिरवा रंग म्हणजे निळी झळाळी आणि पिवळं रंगद्रव्य यांची बेरीज. अल्कोहोलमध्ये पिवळं विरघळून जातं आणि बरणीत निळा साप उरतो.

दुसरी दुरुस्ती तळाच्या लाल पट्टीची. तिथे मोठ्या अक्षरात 'त्रिकोणी डोके = विषारी साप' असं लिहिलंय. हे वाक्य मार्करने सरळ खोडा. नाग आणि मण्यार यांचं डोकं त्रिकोणी नसतं, आणि झोपेत जीव घेणारी मण्यारच. उलट बिनविषारी दिवड चिडली की डोकं पसरट करून घोणसासारखं त्रिकोणी करते. निमविषारी मांजऱ्या सापाचं डोकंही रुंद, मान बारीक आणि बाहुली उभी. म्हणजे तिन्ही 'घोणसाच्या' खुणा, पण माथ्यावर मोठी खवली आणि खळगा नाही. एका खुणेवर निकाल द्यायचा असेल तर ती खूण चापड्याच्या बाबतीत खळगा. बाकी सापांच्या बाबतीत एका खुणेवर निकाल देऊच नये.

हिरव्या सापांची फसगत तर तक्त्याने वाढवलीच आहे. हरणटोळ वरच्या रांगेत, गवत्या डावीकडे कोपऱ्यात आणि चापडा उजवीकडे. तिघं एकाच ओळीत असते तर शाळेतल्या पोरानेही फरक पकडला असता. हरणटोळ दोरीसारखा बारीक आणि चार-पाच फूट लांब, तोंड चोचीसारखं टोकदार. बाहुली आडवी, कुलपाच्या भोकासारखी. अशी बाहुली आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्या सापाला नाही. दिवसा फिरतो, निमविषारी, माणसाला त्याच्यापासून थोडी सूज-दुखणं यापलीकडे धोका नाही. 'टाळू फोडतो' ही निव्वळ समजूत. केळीच्या बागेत किंवा लिंबाच्या झाडावर भर उन्हात हिरवं लांबडं दिसलं, तर बहुतेक हाच. गवत्या जाडसर, जमिनीवर गवतात राहणारा, डोळा मोठा आणि बाहुली गोल. पिल्लांच्या मानेवर काळी-पिवळी उलट्या व्हीसारखी खूण असते. चिडला की मान चपटी करतो आणि मग लोक त्याला 'हिरवा नाग' म्हणतात. चापडा या दोघांहून सुस्त. दिवसा फांदीवर किंवा बांबूच्या बेटात तासन् तास एकाच जागी बसतो, पळत नाही. पळत नाही म्हणून तो मेला किंवा रबराचा आहे असं समजून काठीने ढोसणारे भेटतात. चावा तिथेच बसतो.

'आढळ : संपूर्ण महाराष्ट्र' हे वाक्यही खोडण्याजोगं. चापडा ओलसर, दाट झाडीचा साप. ओढ्याकाठ, बांबूची बेटं, डोंगरातली सावली त्याला लागते. शेजारच्या डांगमध्ये आणि पूर्वेला मेळघाटात तो आहे, तेव्हा आपल्याकडे तो पाहायचाच तर नवापूर-अक्कलकुवा-धडगावकडच्या झाडीत आणि सातपुड्याच्या ओल्या घळींत. जामनेर-पारोळ्याच्या कापसात किंवा अमळनेरच्या मुरमाड माळावर नाही. तिथे पायाखाली येतं ते फुरसे आणि घोणस. त्याच रांगेत 'मलबारी चापडा'ही छापलाय, तो दक्षिणेकडच्या पश्चिम घाटातला. खान्देशच्या गिऱ्हाइकाला त्या चौकटीचा उपयोग शून्य. तिच्यावर खालचा नवीन मजकूर चिकटवायला हरकत नाही.

'सर्व साप अंडी घालतात' ही आणखी एक चूक, चौकटीच्या तळाशी बारीक अक्षरात. चापडा, घोणस आणि फुरसे तिघंही थेट पिल्लं देतात आणि पिल्लाला पहिल्या दिवसापासून विष असतं. बोटाएवढं पिल्लू म्हणून हातात घेणाऱ्यांसाठी ही ओळ दुरुस्त करणं गरजेचं.

प्रथमोपचाराची चौकट अर्धी चांगली आहे. कापू नका, चोखू नका, भगताकडे नेऊ नका, धावत-चालत नेऊ नका, हे सगळं आहे. पण शेवटी 'जखमेच्या वर पट्टी आवळून बांधा' हा जुना सल्ला तसाच राहिलाय. चापडा, घोणस, फुरसे यांच्या विषाने चावलेली जागा झपाट्याने सुजते. वर सुतळी किंवा रुमाल आवळला की ते विष आणि ती सूज तिथेच कोंडते, मांस सडतं, बोट किंवा पाय जातो. बांधायचंच तर मोडलेल्या हाडाला बांधतात तशी लाकडी फळी, सैल कापडाने, फक्त हालचाल थांबावी म्हणून. आणि तक्त्यावर नसलेली, पण पहिल्या पाच मिनिटांत करायची गोष्ट: अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ, बूट काढा. सूज चढल्यावर ते कापूनच काढावे लागतात. दुखतंय म्हणून गावात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दंडात घेऊ नका. रक्त गोठायचं बंद झालं असेल तर त्या सुईच्या जागीच रक्त साकळतं. कुणी आधीच आवळून बांधलं असेल तर ते रस्त्यात एकदम सोडू नका, दवाखान्यात डॉक्टरांसमोरच सोडलं जाऊ द्या.

यानंतरची ओळ सगळ्यात धोक्याची: 'सर्पदंशाचे इंजेक्शन सर्व विषारी सापांवर लागू पडते.' या इंजेक्शनच्या, म्हणजे सिरमच्या, खोक्यावरचं लेबल वाचा. त्यावर चार नावं असतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. १० मिलीच्या कुपीतलं प्रत्येक मिली सिरम नागाचं आणि घोणसाचं ०.६ मिलिग्रॅम, मण्यारीचं आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतं. चापड्याचं नाव त्या यादीत नाही. भारतात चापड्यासाठी वेगळं सिरम नाही आणि हे सिरम त्याच्यावर भरवशाने चालत नाही. चापड्याच्या चाव्याने माणूस दगावणं दुर्मीळ आहे, पण आग होणारी वेदना, दोन-तीन दिवस चढणारी सूज, फोड आणि कधी रक्त न गोठणं हे होतं. म्हणून 'सिरम लागत नाही तर घरीच थांबू' हेही चूक.

इथे ओळखीची दुधारी बाजू येते. चापडा ठामपणे ओळखला तर रुग्णाला गरज नसलेलं, ॲलर्जीचा धोका असलेलं सिरम टळतं. पण घोणसाला किंवा फुरशाला अंधारात 'चापडा' समजलं, तर हवं असलेलं सिरम उशिरा मिळतं. खान्देशात ही दुसरी गोष्ट घडण्याची शक्यता पहिलीपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे डॉक्टर आपल्या सांगण्यावर नाही, रक्तावर विश्वास ठेवतात आणि तेच बरोबर. त्यासाठीची २० मिनिटांची चाचणी साधी आहे: शिरेतलं २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि एकदाच तिरकं करून बघायचं. गोठलं नाही आणि नळीतून वाहिलं, तर विष रक्तात उतरलंय. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर चाचणी खोटं बोलते, निरोगी माणसाचंही रक्त वाहतं दिसतं. पहिल्यांदा रक्त गोठलं म्हणजे सुटलो असं नाही. चाचणी पुन्हा करावी लागते, आणि सिरम दिल्यावर ६ तासांनी परत. उपकेंद्रात हा तक्ता लावणार असाल तर मलबारी चापड्याच्या चौकटीवर हाच परिच्छेद लिहून चिकटवा.

तक्त्याऐवजी मोबाइल वापरावा का, असं बरेच विचारतात. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर फोटो टाकला की ते नावं सुचवतं आणि पुढे जाणकार लोक ती तपासतात. नोंदीसाठी उत्तम, पण पहिलं सुचवलेलं नाव म्हणजे अंतिम नाव नव्हे. शिवाय धडगावच्या पाड्यावर रेंज मिळेलच असं नाही. चावल्यावर ॲप उघडत बसायचं नाही. साप नुसता दिसला असेल तर पाच-सहा फूट लांब राहून, झूम करून तीन फोटो घ्या: डोकं बाजूने (खळगा, बाहुली), डोकं वरून (खवली बारीक की मोठी), आणि पूर्ण शरीर शेपटीसकट. फ्लॅश बंद, बॅटरी बाजूने. समोरून उजेड टाकला की ओली खवली चमकतात आणि खळगा बुजतो. सापाला पकडून किंवा मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. तसं नेताना दुसरा माणूस चावून घेतो. मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही बसत नाही.

तक्ता लावताना: चापड्याच्या चौकटीवर आपल्या सापाचा प्रिंट चिकटवा, त्यात डोकं बाजूने किमान चार इंच मोठं हवं. खळग्याला मार्करने बाण काढा. त्याच्या शेजारी हरणटोळाचा आणि गवत्याचा डोळा त्याच मापात छापून लावा. लॅमिनेशनवर साधा डिंक धरत नाही, दुहेरी टेप वापरा. लाल पट्टी, 'संपूर्ण महाराष्ट्र', 'सर्व साप अंडी घालतात', 'आवळून बांधा' आणि 'सर्व सापांवर लागू' या ओळी खोडा. तळाची मोकळी पांढरी जागा १०८ आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्रमांकासाठी ठेवा, खाली सिरम असलेलं सर्वात जवळचं रुग्णालय आणि तिथे पोचायला लागणारा वेळ लिहा. तोरणमाळसारख्या गावात हा घाट उतरण्याचा वेळच सगळ्यात उपयोगी आकडा ठरतो. उंची मुलांच्या डोळ्यांपर्यंत, म्हणजे तक्त्याचा मध्य जमिनीपासून साधारण चार फुटांवर. पत्र्याच्या खालच्या पट्टीचे कोपरे टोकदार असतात, ते आधी टेपने गुंडाळा.